थोआचं वाकडं तोंड

थोआला कसलाही वास आला की आधी तिचा वरचा ओठ डावीकडून उचलला जायचा. मग नाकपुड्या आत ओढल्या जायच्या, डोळे बारीक व्हायचे, आणि शेवटी सगळा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा एका बाजूला जायचा. ह्वे शहरातल्या त्यांच्या गल्लीत हे तोंड सगळ्यांच्या ओळखीचं होतं. कोपऱ्यावरची मासेवाली तिला लांबून बघूनच टोपलीवर केळीचं पान ओढायची.

"आलं गं आलं, नाक आलं! झाका!"

"झाकून काय उपयोग?" थोआ चालता चालता म्हणायची. "डावीकडचे बांगडे कालचे आहेत."

"जा, घरी जाऊन नवऱ्याचा वास घे!"

"घेऊनच निघालेय. म्हणून तर तोंड असं आहे."

थोआ गावाबाहेरच्या उदबत्तीच्या कारखान्यात काम करायची. तिथे या नाकाला मान होता. दालचिनीची भुकटी आली की मालक स्वतः मूठभर तिच्यापुढे धरायचा आणि तिच्या ओठाकडे बघत उभा राहायचा. ओठ हलला नाही तर माल आत. हलला तर गाडी आली तशी परत.

घरी मात्र त्याच नाकाला काडीची किंमत नव्हती. कारण घर होतं सासूचं, न्यानचं. आणि न्यान म्हातारी म्हणजे आंबवलेली कोळंबी. विन्हच्या, म्हणजे थोआच्या नवऱ्याच्या, अख्ख्या भावकीत तिच्यासारखी आंबट कोळंबी कुणाला जमत नव्हती. तांदळाच्या दारूत धुतलेली, चिकट भात, लसूण, मिरची आणि कुलिंजन लावून बरणीत दाबलेली, लालबुंद. वर्षअखेरच्या महिन्यात तेवीस तारखेला चुलीचे देव स्वर्गात जायला निघतात. त्या दिवशी सगळं कुळ न्यानच्या घरी जेवायला जमायचं आणि तिची बरणी उघडल्याशिवाय कुणी जेवायच्या काड्या उचलायचं नाही. म्हातारी झाकण काढायची, डोळे मिटून दीर्घ वास घ्यायची आणि मान डोलवायची. मग जेवण सुरू.

नवी नवरी म्हणून थोआ पहिल्यांदा त्या पंगतीत बसली, तेव्हा झाकण उघडताच तिचं तोंड वाकडं झालं. सगळ्यांदेखत.

"तोंड सरळ कर, पोरी," न्यान म्हणाली होती. "वारा लागला तर तसंच राहील."

सगळे हसले. ते हसणं त्या घरातून पुन्हा कधी गेलंच नाही. थोआ म्हणाली रस्सा उतरलाय, तर लोक म्हणायचे, नाक आलं. ती म्हणाली तेल खवट आहे, तर विन्ह वाटी पुढे करायचा, "मला वाढ, मला नाक नाही." बोलून बोलून तिच्या बोलण्याचं घराला काही वाटेनासं झालं. अलीकडे रश्श्याला खरंच कसलातरी वास मारत होता, पण ऐकतंय कोण? ती दुपारी कारखान्यातच जेवून घ्यायची.

त्या वर्षी तेवीस तारीख जवळ आली आणि दानांगहून ओ त्रामचा फोन आला. ही थोआची थोरली नणंद; तिकडे नणंदेला ‘ओ’ म्हणतात.

"थोआ, स्पष्ट बोलते. मागच्या खेपेला आईच्या हातचं जेवून माझ्या लेकीचं पोट आठवडाभर बिघडलं होतं. मी तेवीसला येतेय. स्वयंपाकघर बघणार आहे. बरणी बघणार आहे. नीट नसेल तर आईला मी इकडे घेऊन येते. झालं तेवढं पुरे झालं."

"इकडे म्हणजे तुमच्या त्या उंच इमारतीत?"

"का, वाईट आहे का? काचेची शेगडी आहे. फडकं मारलं की झालं."

"आणि कोळंबी?"

"लिफ्टमध्ये पाटी आहे, मासळीचा खार आणायचा नाही. आणि आईला आता कशाला हवेत हे उद्योग?"

फोन ठेवल्यावर थोआच्या अंगावरून एक गार, गोड झुळूक गेली. म्हातारी दानांगला. स्वयंपाकघर आपलं. पांढऱ्या भिंती, घासलेली फळी, एका ओळीत डबे. आणि वास? कसलाच नाही! तिला एवढं बरं वाटलं की तिने दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकली. आता साफ करायचं म्हणजे मुळापासून.

बाहेर ह्वेची ती हिवाळी बुरबुर चालू होती, जी पडत नाही, नुसती लोंबते. भिंतींना ओल आली होती, ओलीवर बुरशी चढली होती. न्यान चुलीजवळच्या बुटक्या चौरंगावर बसून छोटे कांदे सोलत होती. थोआने तोंडाला फडकं बांधलं.

"दरोडा घालायला निघालीस का?" म्हातारीने विचारलं.

"सफाई करतेय, मा. तेत जवळ आला, नवं वर्ष."

"कर. काही फेकू नकोस."

थोआने नळापासून सुरुवात केली. नळाच्या मानेवर रबरबँडांची झुंबरं होती, वितळून एकमेकांना चिकटलेली. बोट लावलं तर चिकट तार निघाली, गुळाच्या पाकासारखी. नळाखाली एक फुगलेली पिशवी होती.

"यात काय आहे?"

"पिशव्या."

"आणि त्या पिशव्यांत?"

"बारीक पिशव्या. लग्न करून आलीस तेव्हा डोकं बरोबर आणलं होतंस ना?"

मधल्या कुठल्यातरी पिशवीत कधीकाळी मासे होते. ते गेले होते, पाणी राहिलं होतं. थोआने ती चिमटीत धरून लांब केली, तर तळातून ते तपकिरी पाणी ओघळून तिच्या कोपरापर्यंत आलं. ती मोरीत जाऊन नुसती उभी राहिली, हात अंगापासून दूर धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मग बिस्किटांचा गोल डबा. बिस्किटं कुणी शेवटची कधी पाहिली होती देव जाणे, आत डुकराची पिवळी चरबी गोठलेली होती. चरबीत एक झुरळ होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर, दोन्ही मिशा वर करून. अंघोळीला बसल्यासारखं.

"मा! हे बघा!"

म्हातारीने मान वर केली. "झुरळ काढ. चरबी असू दे."

"असू दे? हे कोण खाणार?"

"वरचं खरवडलं की खाली चांगली असेल."

काड्यांच्या नळकांड्यात काड्यांना हिरवी दाढी आली होती. मिरचीच्या बाटलीत वर पांढरी साय धरली होती आणि ती, थोआ शपथेवर सांगायला तयार होती, हलत होती. शेवयांच्या पुड्यांतून उरलेल्या मसाल्याच्या पुड्या एका बरणीत कोंबल्या होत्या आणि ओलीने त्यांचा एकच काळा गोळा झाला होता. लसणीच्या टोपलीत एक पाल होती. सुकलेली, कागदासारखी, चारही पाय पसरून.

"ही पण असू दे?"

"पाल फेक. मी काय वेडी आहे?"

पण बाकी सगळ्याला एकच उत्तर. असू दे. लागेल. चांगलं असेल. थोआला याचंच नवल वाटत होतं. हीच बाई पूर्वी झाकण उघडून नुसता श्वास आत घ्यायची आणि अख्खी कढई अंगणात पालथी करायची. सासरे पंगतीत वाट बघत बसलेले असायचे, तरी. "माझ्या चुलीवरून हे जाणार नाही" म्हणायची. तिला कधीपासून खरवडून खायची बुद्धी झाली?

तांदळाचा रांजण ओढला आणि तो वास आला.

वास आला म्हणजे काय, त्याने थोआला ढकललं. ती दोन पावलं मागे गेली. फडक्यातून, नाकातून, घशातून थेट पोटात उतरला. गोडसर, जाड, ओला. रांजणाच्या मागे भिंतीला टेकून एक उंदीर मेलेला होता. फुगलेला. त्याच्या पोटावरची कातडी आतून कुणी बोटं फिरवत असल्यासारखी वरखाली होत होती.

"अगं आई गं!" थोआ मराठी असती तर असंच ओरडली असती. ती ओरडली ते तिच्या भाषेत, पण अर्थ तोच. मग तिने सासूकडे पाहिलं.

न्यानचा चौरंग रांजणाला लागूनच होता. उंदीर तिच्या पाठीपासून हातभरही लांब नव्हता. ती तिथेच बसून सकाळी भात जेवली होती. कालही. ती कांदे सोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नव्हती.

"मा, तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?"

"कसला म्हणजे?"

"येतोय की. पावसाळी वास. तुझ्या नाकाला तर हवेचाही त्रास होतो."

थोआने फावड्यावर उंदीर उचलला, बाहेर नेऊन पुरला, परत येऊन हात तीनदा घासले. मग ती फळीवरच्या बरण्यांकडे गेली. तेवीसची कोळंबी. बरण्या ओल्या भिंतीला लागून रांगेत ठेवल्या होत्या. तिने पहिल्या बरणीचं झाकण उघडलं. सडलेलं. आंबलेलं नव्हे. आंबलेल्याचा वास तिला आवडत नसला तरी ओळखीचा होता, तो नाकाला टोचायचा. हा मात्र उंदराचा सख्खा भाऊ होता.

तिने बरणी तशीच म्हातारीच्या नाकाखाली धरली.

"बघा, मा. यंदाची कशी झालीय?"

न्यानने डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. मान डोलवली.

"छान चढलीय."

थोआने झाकण लावून बरणी परत फळीवर ठेवली. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून ती पुन्हा नळाखाली वाकली आणि पिशव्यांचा तो ढीग ओढून काढू लागली. तळाशी काहीतरी कठीण हाताला लागलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोरीने करकचून बांधलेलं. तिने दोरी तोडली.

चुलीचे देव. एकाच मातीच्या तुकड्यात घडवलेले, मधे बाई, दोन्हीकडे पुरुष. काजळीने काळे आणि तेलाने बुळबुळीत. यंदाचे तर वर फळीवर बसलेले होते. म्हणजे हे गेल्या वर्षीचे. तेवीसला नवे देव बसवले की जुने वडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचे असतात, तिथून ते वर जातात, घरात वर्षभर काय शिजलं ते सांगायला. गेल्या तेवीसला विन्ह न्यायला निघाला होता तर म्हातारीने त्याच्या हातून हिसकावून घेतले होते. मी नेते म्हणाली होती. छत्री घेऊन गेलीही होती.

"मा," थोआ म्हणाली, "हे अजून इथेच?"

कांदा सोलणारा हात थांबला.

"तुम्ही यांना पाठवलंच नाही?"

न्यान हळू म्हणाली, "वर गेले असते तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"की न्यानला आता वास येत नाही."

थोआ ओल्या फरशीवर बसली.

"तो ताप आला होता ना, आधीच्या पावसाळ्यात. तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग एक दिवस भात करपला. धुराने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं." तिने कांद्याची साल बोटांनी उगाच चोळली. "चांगलं कुठलं, नासकं कुठलं, कळत नाही. म्हणून काहीच फेकत नाही. न जाणो चांगलं फेकलं तर?"

"आणि नासकं वाढलं तर?"

म्हातारीने पुढचा कांदा उचलला.

"ओ त्रामच्या पोरीला जुलाब झाले होते."

"माहीत आहे." न्यानने मान वर केली. डोळे कोरडे होते. "फोनवरचं सगळं ऐकलंय मी. आता झालं समाधान? सांग त्रामला. बरणी तेवीसला उघडेलच, तुला सांगायचीही गरज नाही. गप्प बसलीस तरी पुरे. मग मी त्या काचेच्या शेगडीसमोर बसते."

खरंच होतं ते. थोआला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, बरणी उघडू द्यायची, सगळ्यांची तोंडं वाकडी होऊ द्यायची. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या कुळाचं तोंड तिच्यासारखं झालं असतं. तिने ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. म्हातारी डोळे मिटून मान डोलवतेय, आणि पंगत नाकाला रुमाल लावतेय. काल फोनवर जे बरं वाटलं होतं ते पुन्हा वर आलं. आणि या वेळी थोआला त्याचीच शिसारी आली. पिशवीतल्या पाण्यापेक्षा, त्या झुरळापेक्षा जास्त. तिचा वरचा ओठ आपोआप डावीकडून उचलला गेला.

म्हातारीने ते पाहिलं. "आता कसला वास आला?"

"काही नाही," थोआ म्हणाली. ती उठली, तोंडाचं फडकं सोडून खुंटीला लावलं. "बरण्या खाली घ्या. सगळ्या."

"कशाला?"

"मी वास घेणार. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचं. एवढी वर्षं याच तोंडावर बोललात, ते वाचायला तुम्हाला शिकवायला नको."

न्यान गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठली.

पहिली बरणी. थोआने झाकण उघडलं, तोंड खाली नेलं आणि झटक्यात वर काढलं. डोळ्यांना पाणी.

"फेक," म्हातारी म्हणाली.

दुसरी. थोआला ओकारी आली, ती मोरीकडे धावली.

"ही तर पुरून टाक," न्यान तिच्या मागून ओरडली. "उंदराशेजारी!"

"हसू नका! तुमच्याच हातचं आहे!"

"हसत नाहीये. उजेडात उभी राहा, दिसत नाही नीट."

मग तेल, मग चरबी, मग मिरची, मग माशांच्या रसाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या. थोआ वास घ्यायची, म्हातारी चेहरा वाचायची आणि निकाल द्यायची, जुन्या तोऱ्यात. ओठ उचलला, गेलं. नाकपुडी नुसती आखडली, चालेल, उकळून. "भुवया का चढवल्यास? भुवया मी कधी बघितल्या नाहीत. भुवयांचा अर्थ काय?" "अर्थ हा की मला चक्कर येतेय, मा!" अंगणात फेकायच्या वस्तूंचा ढीग वाढत गेला. फळ्यांची लाकडं दिसायला लागली. कोळंबीच्या बरण्या मात्र एकामागून एक ढिगात जात होत्या, आणि म्हातारीचा आवाज प्रत्येक बरणीला बारीक होत गेला.

शेवटी धुराड्याच्या कोनाड्यातली एक लहानशी बरणी उरली. उरलेली कोळंबी वाया जाऊ नये म्हणून भरलेली आणि जागा नाही म्हणून वर उबेला ठेवलेली. थोआने झाकण फिरवलं. नाक खाली नेलं.

लसूण. कुलिंजन. आणि ती टोचणारी, ओळखीची, आंबट कळ. नव्या नवरीला पंगतीत लागलेली तीच. तिला ती आजही आवडली नाही. पण ओठ हलला नाही.

न्यान तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. "पुन्हा घे," ती म्हणाली. थोआने पुन्हा घेतला.

"एवढीशी पुरेल का?" म्हातारीने विचारलं.

"वाढताना थोडी वाढा. भाव खा."

तेवीसला ओ त्राम आली ती थेट स्वयंपाकघरात. तोंडाला मुखपट्टी. तिने फळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. डबे उघडले, बंद केले. नळाखाली वाकून बघितलं. तिथे एक बादली होती, पालथी.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या आईनेच," थोआ म्हणाली. "मी नुसती तोंड वाकडं करत होते. नेहमीसारखी."

"ते तर तुला येतंच." त्रामने मुखपट्टी खाली ओढली. "आणि बरणी?"

पंगत बसली. काका, चुलत दीर, त्यांच्या बायका. उकडलेलं डुकराचं मांस, कापलेली कच्ची अंजिरं, आंबट करमळाच्या चकत्या, आणि मधे ती लहानशी बरणी. एक काका म्हणालेच, "यंदा बाळंत झाली वाटतं बरणी, पिल्लूच आणलंय!" न्यानने तिकडे लक्ष दिलं नाही. झाकण काढलं, तोंड खाली नेलं, दीर्घ श्वास घेतला. पण या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. बरणीच्या काठावरून ती समोर बसलेल्या सुनेकडे बघत होती.

थोआने चेहरा अगदी सरळ ठेवला. आयुष्यात कधी ठेवला नसेल एवढा.

न्यानने मान डोलवली. त्रामने पहिला तुकडा उचलला, चघळला, गिळला, आणि दुसरा उचलताना म्हणाली, "तशी दानांगला यायची घाई नाहीये म्हणा, मा."

"कोण येतंय?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या लिफ्टमध्ये मला नाही घेणार."

दुपारी सगळे गेल्यावर दोघी वडाकडे निघाल्या. यंदाचे देव आणि गेल्या वर्षीचे, एकाच टोपलीत. बुंध्याशी गल्लीभरच्या काळ्या, तेलकट देवांचा खच पडला होता. ओली फुलं कुजत होती, उदबत्त्यांच्या काड्या चिखलात रुतल्या होत्या, आणि पलीकडे कुणीतरी झाडाआड लघवी केलेली होती. न्यानने गेल्या वर्षीचे देव आधी ठेवले, नीट, मुळीला टेकवून. मग मागे वळून पाहिलं.

थोआचा ओठ डावीकडून पार नाकाला जाऊन भिडला होता.

"इथेही?" म्हातारी म्हणाली. "एवढं वाईट?"

"विचारू नका, मा. चला लवकर."

"थांब, थांब," न्यान तिचा चेहरा न्याहाळत म्हणाली. "लघवी. फुलं. आणि तिसरं काहीतरी आहे. काय गं ते?"